सगळेच बॅज हिरवे

कुंदाताई परब कशाच्याही जवळ उभ्या राहत नसत. कुकर असो, फटाका असो, भांडण असो, दोन पावलं मागे. आमच्या गटाचा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात आम्ही तिघं खांद्याला खांदा लावून दात काढतोय आणि डाव्या बाजूला, मध्ये आणखी एक माणूस सहज मावेल एवढी जागा सोडून, साडीवर पांढरा स्वेटर चढवलेल्या कुंदाताई. बाई शिष्ट आहे, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. माझी बहुतेक पहिली मतं अशीच वाया गेलेली आहेत.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी एकतीस वर्षं एक्स-रे काढले. स्वेटरची सवय तिथल्या एसीची. लग्न केलं नव्हतं, राहायला घोडपदेवला भावाच्या घरी. किरणांपासून वाचायचे तीन नियम त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पाठ केले होते, ते त्या आयुष्यभर सगळ्याला लावत आल्या. "भावजय तोंड उघडते ना, की वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा. मी सरळ गॅलरीत. आजवर काय झालं नाय बघ मला." कुठलाही कागद हातात आला की तो आधी ट्यूबलाइटसमोर धरून बघायच्या. लाइटबिल, लग्नपत्रिका, एकदा तर गरम घावणसुद्धा.

आणि ही बाई वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आमच्यात, म्हणजे एका व्हिडिओ गेमच्या वेड्यांत येऊन दाखल झाली. त्यांनी माझं काय केलं ते सांगायचं तर आधी तो गेम सांगावा लागेल. ज्यांना गेमचा तिटकारा आहे त्यांनी चार ओळी सोसाव्यात.

कुठल्याशा दूरच्या चंद्रावर एक खाण आहे. त्या खाणीत ओरविन नावाचं निळं खनिज सापडतं. त्याच्या मुठीएवढ्या तुकड्यावर अख्खं शहर वर्षभर उजळतं. खाण चालवणारी कंपनी म्हणते, ओरविन निर्धोक आहे. पुरावा म्हणून प्रत्येक कामगाराला एक बॅज दिलेला. हिरवा असेल तर सगळं ठीक, तांबडा झाला तर पळा. गेमचे दोन भाग आले, बॅज एकदाही तांबडा झाला नाही, आणि तरी कामगार एकेक करून आजारी पडतात, नाहीसे होतात. का, ते गेम बनवणाऱ्यांनी सांगितलेलंच नाही. जगभरची मंडळी तर्क लढवत बसली आहेत. कोणी म्हणतं ओरविन जिवंत आहे, कोणी म्हणतं ती अंडी आहेत, कोणी म्हणतं ते माणसाच्या आठवणी खातं. आम्ही तिघं, म्हणजे डेरिक, मानसी आणि मी, दर रविवारी दुपारी खोताच्या वाडीत डेरिकच्या घरी जमून हेच करत असू.

माझं म्हणणं ठरलेलं होतं. ओरविन निर्धोक आहे. बॅज हिरवा आहे ना? मग विषय संपला. यंत्र कशाला खोटं बोलेल? या मुद्द्यावर मी परक्या देशांतल्या लोकांशीही तावातावाने भांडलो आहे.

हा ताव कुठून येत होता ते तेव्हा गटात कोणाला ठाऊक नव्हतं. मी दादरच्या एका खाजगी इस्पितळात ऑपरेशन थिएटरमधलं एक्स-रे मशीन चालवत असे. ऑपरेशन चालू असताना मोडलेलं हाड पडद्यावर जिवंत दाखवणारं मशीन. डॉक्टर खिळा ठोकणार, मी "शॉट" देणार. दिवसाला पाच-सहा ऑपरेशनं, टेक्निशियन दोनच, शिशाचे एप्रन जुने, चिरा पडलेले. अंगावर किती किरणं पडतात ते मोजायला आम्हालाही बॅज असतो. तो छातीवर लावायचा, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. माझा बॅज ड्रॉवरमध्ये पडून असे. आकडा जास्त आला तर चौकशी होते, माणसाला मशीनवरून काढतात, आणि खाजगीत मशीनवरून काढलेल्या माणसाला फार दिवस कोणी पोसत नाही. हे सगळं मी दोस्तांपासून लपवलं होतं. "हॉस्पिटलात ऑफिसला आहे," एवढंच सांगत असे, कारण डेरिकची आई नर्स होती आणि तिने चार प्रश्न विचारले असते.

डेरिकच्या याच आईला, म्हणजे फिलोमिना आंटींना, भेटायला कुंदाताई आल्या होत्या. दोघींनी एका इस्पितळात जन्म काढलेला. आंटी वाइन-बिस्किटं आणायला आत गेल्या आणि कुंदाताई व्हरांड्याच्या दारातून आमच्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या, अर्थातच दोन पावलं मागे. पडद्यावर मानसीचा कामगार ओरविनचा तुकडा उचलत होता.

"अगो, हातात काय घेतेस? चिमटा घे, चिमटा!"

मानसी इतकी दचकली की तिचा कामगार दरीत पडला.

"आजी, गेम आहे हा," डेरिक म्हणाला.

"आजी कोणाक म्हणतोस रे? ताई म्हण. आणि गेम असला म्हणून काय झालं? जी वस्तू न पेटवता उजेड देते तिला उघड्या हाताने धरायचं?" मग पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो मागे उभा आहे तो कोण?"

तो मुकादम होता. त्याच्याकडे आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. गेममध्ये त्याला काही काम नाही, तो नुसता ओरडतो.

"परत पहिल्यापासून लाव," कुंदाताई म्हणाल्या आणि खुर्ची घेऊन बसल्या.

त्यानंतर त्या दर रविवारी यायला लागल्या. बटणं दाबायला त्यांना जमत नसे, बोटं आखडलेली. त्या फक्त बघत. आणि बघणं म्हणजे काय ते मला त्यांच्याकडून कळलं. आम्ही सगळे, आणि जगभरचे सगळे, ओरविनकडे बघत होतो. त्याचा रंग, त्याचा आवाज, त्यावरच्या रेघा. कुंदाताई माणसं कुठे उभी आहेत ते बघत. चौथ्या रविवारी त्यांनी जाहीर केलं, "मुकादम त्या ओरविनच्या अकरा पावलांच्या आत एकदा पण आलेला नाय. दोन्ही भागांत. पगारवाटपाला येतो तेव्हा पण खांबाआड उभा राहतो. त्याला कोणीतरी सांगून ठेवलंय."

मानसीने सगळे प्रसंग परत तपासले. खरोखर अकरा. तिने ते इंग्रजीत लिहून टाकलं आणि दोन दिवसांत त्याच्यावर जगभरातून शेकडो लोक तुटून पडले. कुंदाताईंना त्याचं काही नव्हतं. "मी गेम बघून नाय ओळखला त्याला," त्या म्हणाल्या, "आमच्या खात्याचे साहेब असेच उभे राहायचे."

मला हे आवडलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती आणि भीती वाटली की मी चिडतो. "बॅज हिरवा आहे ताई," मी म्हणालो. "तुमच्या अंतराला काय अर्थ?"

"बॅजचं बघते मी," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मानसीला खाणीच्या तोंडाशी थांबायला सांगितलं. तिथे भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि प्रत्येक खिळ्याला एकेक बॅज लटकतोय, सगळे हिरवे. गेमवाल्यांचा सर्वमान्य समज असा, की ही मेलेल्या कामगारांची आठवण. त्यावर लोकांनी रडून रडून लिहिलं आहे.

"आठवणीच्या वस्तूवर धूळ बसते," कुंदाताई म्हणाल्या. "ह्यांच्या पट्ट्या बघ, घामाने काळ्या झाल्यात. आता थांब, पाळी सुटू दे."

आम्ही थांबलो. गेममधला भोंगा वाजला. कामगार बाहेर आले आणि एकेकाने खिळ्यावरचा आपापला बॅज काढून छातीला लावला. दोन वर्षं हा गेम खेळत होतो आम्ही. पाळी सुटताना तिथे उभं राहून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण तिथे मिळण्यासारखं काही नसतं.

"आत जाताना काढतात, बाहेर आल्यावर घालतात," त्या सावकाश म्हणाल्या. "आमच्याकडे एक बॅज असा मुद्दाम बाहेर ठेवायचे. कोणी घालायचा नाय, किरणं नाहीत तिथे ठेवायचा, बाकीच्यांशी ताडून बघायला. इथे सगळेच बाहेर. मग आत गेला त्याचं कोण मोजतंय?"

डेरिकने शिटी वाजवली. मानसी ओरडली, "ताई, यू आर गॉड!" मला मात्र कोणीतरी कॉलर धरल्यासारखं झालं.

"शक्यच नाही," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. "स्वतःच्या जिवावर कोण उठेल असं? आणि ठेवला एखाद्याने बाहेर, तरी पकडला जाणारच ना! तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तेव्हा कळतंच की!"

"कसला रिपोर्ट?" मानसी म्हणाली. "ह्यात रंग तिथल्या तिथे बदलतो. तीन महिने कुठून काढलेस?"

मी काहीतरी सारवासारव केली. दुसऱ्या एका गेममध्ये तसं असतं, वगैरे. डेरिक आणि मानसी परत पडद्याकडे वळले. कुंदाताई वळल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, कागद ट्यूबलाइटसमोर धरतात तशा.

निघताना त्या माझ्याबरोबर निघाल्या. गल्ली अरुंद, तरी दोन पावलं अंतर ठेवूनच चालत होत्या. चर्चपाशी आल्यावर थांबल्या.

"कुठल्या मशीनवर आहेस?"

मी सांगितलं. दुसरा उपाय नव्हता.

"बॅज कुठे असतो तुझा?"

"अंगावर."

"आता बोललास तेव्हा तुझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला," त्या म्हणाल्या. "ज्याचा बॅज अंगावर असतो तो खिसा चाचपत नाय. माझा पण हात असाच जायचा."

मग त्यांनी ते सांगितलं. रस्त्यात उभ्या राहून, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. खात्यात त्या काळी दोघीच होत्या. एकदा त्यांच्या मैत्रिणीचा आकडा जास्त आला आणि तिला कायमचं कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. कुंदाताईंना टेबल नको होतं. त्यांना मशीन हवं होतं. अपघाताची केस आली की डॉक्टर म्हणत, "परबबाईंना बोलवा." ते ऐकायची चटक लागली होती. तेव्हापासून त्यांचा बॅज जेवणाचे डबे ठेवायच्या कपाटात राहायला लागला आणि रिपोर्ट दर वेळी स्वच्छ यायला लागला. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं, एवढी काळजीपूर्वक काम करणारी बाई या खात्याने पाहिली नाही.

"टाळ्या वाजल्या रे," त्या म्हणाल्या. "मी पण वाजवल्या."

"मग आता?"

"आता रक्त बनत नाय माझं नीट. गेल्या वर्षी कळलं. डॉक्टर पोरगा हुशार आहे. विचारतो, मावशी, नोकरीत एकूण किती किरणं घेतलीत? म्हटलं, कागद आहे माझ्याकडे. दिला काढून. त्याच्यावर शून्य. तो म्हणाला, मग ह्याचा संबंध नसणार. असेल, नसेल. मला कुठे माहीत? मी किती खाल्लं ते मलाच माहीत नाय. तेवढं मोजायचं एक साधन दिलेलं मला, ते मी डब्याच्या कपाटात ठेवलं."

मी म्हणालो, "ताई, माझी नोकरी जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. नाही जाणार, काहीतरी मार्ग निघेल, असं काही त्यांनी म्हटलं नाही. त्या दिवशी मला त्यांचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, माझी ड्यूटी सुरू होते त्या वेळेला, फोनवर त्यांचा मेसेज आला. एकच शब्द. "कुठे?"

मी लिहिलं, "अंगावर." बॅज ड्रॉवरमध्ये होता.

मंगळवारी नऊला, "कुठे?" "अंगावर." बुधवारी तेच. मी रविवारी गेलो नाही, काम आहे म्हणून सांगितलं. सोमवारी नऊला परत, "कुठे?" खोटं बोलणं मला नवीन नव्हतं, पण रोज ठरावीक वेळेला, लेखी, एकाच माणसाशी खोटं बोलून बघा. साडेआठपासूनच मी फोन उलटा घालून ठेवायला लागलो. थिएटरमध्ये डॉक्टर "शॉट" म्हणाले की पडद्यावरचं हाड दिसायच्या आधी मला तो शब्द दिसायचा. त्या एकदाही रागावल्या नाहीत, खोटं बोलतोस असं म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारत राहिल्या. बाराव्या दिवशी मी ड्रॉवर उघडला, बॅज छातीला लावला, त्याचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं नाही. पण तेराव्या दिवशी मेसेजही आला नाही.

तीन महिने मी तो बॅज घालून काम केलं आणि तो तपासणीला गेल्यावर उत्तर येईपर्यंत आणखी थोडे दिवस गेले. त्या दिवसांत मला झोप कमीच होती. पत्र आलं ते माझ्या नावाने नव्हतं, इस्पितळाच्या नावाने होतं. आकडा जास्त होता, कारण कळवा. आमच्या प्रशासकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"एवढी वर्षं काही नाही आणि एकदम हे? बॅज मशीनवर ठेवलास का मुद्दाम? आम्हाला अडकवायला?"

"नाही सर. अंगावर होता."

"आणि आधी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी एक कागद पुढे सरकवला. टाइप करून तयार होता. सदर काळात माझा बॅज नजरचुकीने मशीनच्या खोलीत राहिला होता, सबब नोंद झालेली मात्रा माझ्या शरीरावर पडलेली नाही. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"संध्याकाळपर्यंत दे," ते म्हणाले. "मग तू पण सुटलास, आम्ही पण."

मी जिन्यात जाऊन कुंदाताईंना फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे कसले तरी बारीक बीप ऐकू येत होते. त्यांना रक्त चढवत होते. मी कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं.

"आमच्या वेळेला पण हेच वाक्य होतं," त्या म्हणाल्या. "सुटसुटीत आहे."

"काय करू ताई?"

"मी कोण सांगणार? सही करशील तर आज घरी जाशील शांत. मग तुझं परत शून्य." त्यांना धाप लागली होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला आज कोणीतरी माझा खरा आकडा सांगितला असता ना, वाईट असता तरी चालला असता रे."

मी सही केली नाही. त्याचं कौतुक नको, कारण केबिनमध्ये परत गेलो तेव्हा माझी पाचावर धारण बसलेली होती आणि "करत नाही सर" एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. प्रशासक खूप बोलले. आठवडाभर नोकरी आहे की नाही ते कळेना. मग बाहेरून तपासणीला दोन माणसं आली, त्यांनी एप्रन बघितले, मला आणि माझ्या जोडीदाराला बसवून सगळं विचारलं. आधी बॅज कुठे असायचा तेही मी सांगितलं. शेवटी नवे एप्रन आले, तिसरा टेक्निशियन आला. आणि मला थिएटरमधून काढून तळमजल्यावरच्या साध्या एक्स-रेच्या खोलीत टाकलं. छाती, गुडघे, मनगटं. नोकरी राहिली, रुबाब गेला. माझ्या आकड्यावर डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. तो किती आहे ते मला माहीत आहे.

तिकडे गेमचा तिसरा भाग आला. त्यातही ओरविनचं रहस्य कोणी फोडलं नाही. पण आता लोक बॅजच्या भिंतीपाशी थांबतात, आणि त्या भिंतीला जगभरचे गेमवाले कुंदाज वॉल म्हणतात. मानसीने हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "परब पण लिहायचं होतंस की."

त्या पावसाळ्याच्या शेवटी, एका दुपारी, माझ्या खोलीच्या दारात व्हीलचेअर आली. भाचीने ढकलत आणलेली. स्वेटर तोच, आतलं माणूस निम्मं झालेलं. परळचं आपलं इस्पितळ सोडून छातीचा एक्स-रे काढायला त्या मुद्दाम आल्या होत्या.

उभं राहायचं म्हणाल्या. मी धरायला गेलो तर, "लांब, लांब." स्वतः प्लेटला छाती टेकवली, खांदे पुढे घेतले, हनुवटी वर केली. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं ते न सांगता केलं. मी शिशाच्या काचेमागे गेलो.

"श्वास घ्या," मी म्हणालो. "धरा."

बटण दाबलं. चित्र पडद्यावर आलं आणि मी त्याच्याकडे बघतच राहिलो. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, तिथे दोन्ही बाजूंना खालपर्यंत पांढरं भरलेलं होतं.

"अरे, सोडा म्हण की मेल्या!" काचेपलीकडून आवाज आला. "पेशंट तसाच धरून बसतो!"

"सोडा, ताई. सोडा."

फिल्म हातात दिली तेव्हा त्यांनी ती छताच्या ट्यूबलाइटसमोर धरली. मी दुसरीकडे बघायला लागलो. त्यांनी सावकाश वरपासून खालपर्यंत वाचली. जे मला दिसलं होतं ते त्यांना माझ्याआधी दिसलं असणार.

"चांगली काढलीस," त्या म्हणाल्या. "फिरलेली नाय, हललेली नाय. नाव पण बरोबर लिहिलंस."

भाची त्यांना घेऊन निघाली. कॉरिडॉरच्या टोकाला, लिफ्टपाशी, त्यांनी तिला थांबवलं आणि खुर्ची वळवायला लावली. एवढ्या लांबून आवाज पोचला नसता. त्यांनी फक्त हनुवटी उचलली, रोज सकाळी नऊला विचारायच्या तेच विचारल्यासारखी.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. या वेळी तिथे बॅज होता.